ज्याच्या हाती बंदूक द्यायचीच नव्हती : डोरिस मिलरची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.)



आजची गोष्ट एका सिनेमापासून सुरू करतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ‘पर्ल हार्बर’ पाहिला असेल. २००१ साली आलेला. मी तो हॉस्टेलवर एका मित्राच्या लॅपटॉपवर पाहिला होता, आठ जण एका स्क्रीनभोवती गोळा होऊन. त्यात एक छोटं पात्र आहे. जहाजावरचा कृष्णवर्णीय स्वयंपाकी. जपानी विमानं बॉम्ब टाकायला लागतात, तेव्हा हा माणूस मशीनगनला जाऊन भिडतो आणि विमान पाडतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग सिनेमा पुन्हा प्रेमकथेकडे वळला आणि आम्ही तो स्वयंपाकी विसरलो.

कितीतरी वर्षांनी कळलं की तो माणूस खरा होता. त्याचं नाव डोरिस मिलर. मग मी त्याच्याबद्दल वाचत गेलो, तसतसं लक्षात आलं की सिनेमाने आम्हाला गोष्टीचा सगळ्यात सोपा भाग दाखवला होता. त्याने बंदूक चालवली, हे खरंच. पण त्याच्या हातात तोपर्यंत बंदूक का नव्हती? आणि हे सगळं केल्यावर नौदलाने प्रसिद्ध केलेल्या यादीत त्याचं नाव का नव्हतं? आज या दोन प्रश्नांबद्दल बोलू.

वाकोचा मुलगा

डोरिस मिलरचा जन्म १२ ऑक्टोबर १९१९ चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, वाको शहराजवळ. चार भावांतला तिसरा. आता तुम्ही म्हणाल, डोरिस हे तर मुलीचं नाव. बरोबर आहे. घरच्यांनी सांगितलेली गोष्ट अशी की सुईणीला खात्री होती, या वेळी मुलगी होणार. म्हणून नाव आधीच ठरलं. झाला मुलगा, नाव तेच राहिलं. पुढे वर्तमानपत्रांनी त्याचं ‘डोरी’ करून टाकलं.

वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे. आपल्याकडे ज्याला बटाईने शेती करणं म्हणतात, साधारण तसं. राबायचं आपण, जमीन मालकाची, पिकात वाटा त्याचा. डोरिस शाळेत असताना फुटबॉल खेळायचा, अमेरिकन फुटबॉल. सव्वासहा फूट उंच, भरभक्कम अंगाचा.

वाको कसलं गाव होतं, हेही सांगायला हवं. डोरिसच्या जन्माआधी तीन वर्षं, १९१६ साली, तिथे जेसी वॉशिंग्टन नावाच्या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला जमावाने भर शहरात, सिटी हॉलसमोर, जिवंत जाळलं होतं. हजारो माणसं बघायला जमली होती. फोटो काढले गेले आणि त्या फोटोंची पोस्टकार्डं विकली गेली. डोरिस मिलर अशा गावच्या हवेत वाढला. घरी पैसा नाही, आसपास काम नाही. म्हणून सप्टेंबर १९३९ मध्ये, वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच, तो नौदलात भरती झाला.

नोकरी कसली? वाढप्याची

आता इथे थांबू या, कारण गोष्टीची गाठ इथेच आहे.

अमेरिकन नौदलात एके काळी कृष्णवर्णीय खलाशी बऱ्याच कामांवर असायचे. पहिल्या महायुद्धानंतर मात्र त्यांची भरती बंद झाली. १९३० च्या दशकात दार पुन्हा उघडलं, पण एकाच खोलीचं. त्या खोलीचं नाव मेस. म्हणजे अधिकाऱ्यांचं जेवण वाढायचं, टेबलं पुसायची, बिछाने घालायचे, बूट चमकवायचे, धुवायचे कपडे गोळा करायचे. त्या पदाला म्हणायचे मेस अटेंडंट. या खात्यात कृष्णवर्णीय होते, फिलिपिनो होते. गोऱ्या पोरांना तोफा, इंजिन, रेडिओ, सिग्नल असं काहीही शिकता यायचं. यांना नाही.

डोरिस मिलर मेस अटेंडंट म्हणून लागला, तेही सगळ्यात खालच्या, तिसऱ्या श्रेणीचा. जानेवारी १९४० मध्ये त्याला ‘वेस्ट व्हर्जिनिया’ नावाच्या युद्धनौकेवर पाठवलं. तिथे तो बॉक्सिंग करायला लागला आणि जहाजाचा हेवीवेट चॅम्पियन झाला. म्हणजे रिंगमध्ये सगळे त्याला ओळखायचे. रिंगच्या बाहेर तो अधिकाऱ्यांची ताटं उचलायचा.

लढाईच्या वेळी जहाजावरच्या प्रत्येकाला एक ठरलेली जागा असते. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून तिथे पळायचं. मेस अटेंडंटनाही जागा असायची, पण बहुतेक वेळा खाली, दारूगोळ्याच्या कोठारापाशी. गोळे उचलून वरच्या माणसांना द्यायचे. डोरिसची जागाही अशीच होती, जहाजाच्या मध्यभागी, विमानविरोधी तोफांच्या कोठाराजवळ. गोळा द्यायचा. डागायचा नाही.

हे वाचताना मला आपल्याकडची एक गोष्ट सारखी आठवत होती. आपल्याकडे अस्पृश्य म्हटलेल्या माणसाच्या हातचं पाणी चालत नव्हतं. तिथे उलटं, हातचं जेवण चालायचं. पण बंदुकीच्या बाबतीत दोन्हीकडे हिशेब एकच. कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक पिढ्यान्‌पिढ्या लढले. १८१८ च्या कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावं आजही वाचता येतात. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. आणि तरी १८९० च्या दशकात इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ असं एक खूळ काढलं आणि महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा दार उघडलं, युद्ध संपल्यावर परत लावून घेतलं. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, तिथे हा प्रश्न लावून धरला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

ऑक्टोबर १९४१. पर्ल हार्बरच्या फक्त दोन महिने आधी. जगाच्या दोन टोकांना एकच भांडण चाललं होतं : देशासाठी मरायला आम्ही चालतो, मग लढायला का नाही?

चला, परत जहाजावर.

७ डिसेंबर १९४१, रविवार

हवाई बेटांवरचं पर्ल हार्बर हे बंदर. अमेरिकेच्या मोठ्या युद्धनौका ओळीने उभ्या आहेत. ‘वेस्ट व्हर्जिनिया’ आणि ‘टेनेसी’ शेजारी शेजारी बांधल्या आहेत. ‘टेनेसी’ आतल्या, जमिनीच्या बाजूला. ‘वेस्ट व्हर्जिनिया’ बाहेरच्या, पाण्याच्या बाजूला. म्हणजे टॉर्पेडो, आपण ज्याला पाणतीर म्हणतो, तो आला की पहिला हिला लागणार.

डोरिस सहाच्या सुमाराला उठला. न्याहारीचं काम झालं. मग तो कपडे गोळा करायला लागला. आठ वाजायला थोडा वेळ होता. तेवढ्यात जपानी विमानं आली. त्या सकाळी दोन लाटांत मिळून साडेतीनशेच्या आसपास विमानं आली होती. भोंगा वाजला.

डोरिस आपल्या ठरलेल्या जागेकडे पळाला. तिथे पोहोचला तर जागाच उरलेली नाही. टॉर्पेडोने ती उद्ध्वस्त केली होती. जहाजात पाणी भरत होतं, ते एका अंगावर कलायला लागलं होतं.

आता जरा विचार करा. तुमची जागा गेली. तुमच्या वाट्याचं काम संपलं. तुम्ही जहाजातले सगळ्यात खालच्या पायरीवरचे. या क्षणी तुम्ही समुद्रात उडी मारली असती, तर कुणी विचारलंही नसतं. डोरिस वर गेला, जिथे जहाजाचे मुख्य रस्ते एकमेकांना मिळतात अशा चौकात, आणि म्हणाला, काय काम असेल ते सांगा.

तिथे एका अधिकाऱ्याने त्याला पाहिलं. लेफ्टनंट कमांडर जॉन्सन. त्याला दणकट माणूस हवाच होता, कारण वर ब्रिजवर जहाजाचे कॅप्टन मर्विन बेनियन जखमी होऊन पडले होते. ब्रिज म्हणजे जहाजावरची ती उंच जागा, जिथून जहाजाचा कारभार चालतो. शेजारच्या ‘टेनेसी’वर बॉम्ब पडला होता आणि त्याचा एक तुकडा उडून कॅप्टनच्या पोटात घुसला होता. डोरिस आणि आणखी काही जणांनी मिळून कॅप्टनला उघड्यावरून उचललं आणि जरा आडोशाला नेलं. वरून गोळ्या येतायत, खाली आग लागलीये. कॅप्टन ब्रिज सोडायला तयार नव्हते. शेवटपर्यंत ते आदेश देत राहिले, विचारत राहिले, आणि तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक.

मग लेफ्टनंट फ्रेडरिक व्हाइट यांनी डोरिसला मशीनगनपाशी नेलं. तिथे दोन गन रिकाम्या होत्या. व्हाइटची अपेक्षा अशी की डोरिस गोळ्यांचा पट्टा भरून देईल, म्हणजे तेच, हाती देण्याचं काम. एक गन कशी लावायची ते थोडक्यात दाखवलं आणि क्षणभर दुसरीकडे लक्ष गेलं. परत वळून पाहतात तर डोरिस गन चालवतोय!

त्याला ते शिकवलेलं नव्हतं. त्याने दुसऱ्यांना करताना पाहिलं होतं, एवढंच. पंधराएक मिनिटं तो गोळ्या झाडत राहिला, ब्रिज सोडायचा हुकूम येईपर्यंत.

विमानं किती पाडली?

आता ज्याची तुम्ही वाट बघताय, तो प्रश्न. किती पाडली? सिनेमात विमान पडतं. त्या काळच्या काही वर्तमानपत्रांनी तर आकडा वाढवत वाढवत चार-पाचपर्यंत नेला. डोरिस स्वतः म्हणाला होता की एखादं लागलं असावं असं मला वाटतं. नौदलाच्या मानपत्रात मात्र आकडा नाही. एकही नाही. त्यात लिहिलंय ते एवढंच : हल्ला आणि आग चालू असताना त्याने जखमी कॅप्टनला सुरक्षित जागी हलवायला मदत केली आणि नंतर ब्रिज सोडण्याचा हुकूम मिळेपर्यंत मशीनगन चालवली.

मला हे वाचून आधी थोडी निराशा वाटली, खोटं कशाला बोलू. आपल्याला शूर माणूस म्हटलं की आकडा हवा असतो. इतके मारले, तितके पाडले. पण लेफ्टनंट व्हाइट यांचा जो अहवाल आहे, त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला वाटतं तीच मोठी आहे. गन सोडून खाली आल्यावर डोरिस तेलाने माखलेल्या पाण्यातून जखमी माणसांना ओढत ओढत जहाजाच्या मागच्या डेकवर आणत होता. व्हाइट यांनी लिहिलं की यामुळे अनेकांचे जीव निःसंशय वाचले, नाहीतर ती माणसं गेलीच असती.

म्हणजे त्याने किती विमानं पाडली हे कागदावर नाही, पण त्याने माणसं वाचवली हे कागदावर आहे. सिनेमाने नेमकी निवड उलटी केली.

त्या जहाजावर काय परिस्थिती होती, तेही सांगतो, म्हणजे ‘वाचवलं’ या शब्दाचा अर्थ कळेल. ‘वेस्ट व्हर्जिनिया’ उलटली नाही, कारण तिच्यावरच्या माणसांनी प्रसंगावधान राखून दुसऱ्या बाजूच्या टाक्यांतही पाणी सोडलं. त्यामुळे ती सरळ राहून तळाला टेकली. जवळची ‘ओक्लाहोमा’ उलटली, तिच्यावरचे चारशेहून जास्त गेले. ‘ॲरिझोना’चा स्फोट झाला, तिच्यावर ११७७. ‘वेस्ट व्हर्जिनिया’वर १०६ माणसं गेली. त्यातले तिघे तळाजवळच्या एका बंद खोलीत अडकले होते. पुढे जहाज वर काढलं, तेव्हा त्या खोलीत एक कॅलेंडर सापडलं. ७ डिसेंबरपासून २३ डिसेंबरपर्यंतच्या तारखांवर फुल्या मारलेल्या. सोळा दिवस. त्यांच्यापर्यंत कुणालाच पोहोचता आलं नव्हतं.

यादीतला ‘एक निग्रो’

१ जानेवारी १९४२. नौदलाने त्या दिवशी शौर्य दाखवणाऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. नावं, हुद्दे, सगळं व्यवस्थित. त्यात एका जागी नाव नाही. फक्त ‘निग्रो’ असा उल्लेख. तेव्हा कृष्णवर्णीयांसाठी सर्रास वापरला जाणारा शब्द, आज तो अपमानास्पद मानतात. एवढंच. एक अनाम निग्रो.

थोडं थांबा इथे. जहाजावरचा बॉक्सिंग चॅम्पियन! त्याच्याबरोबर ब्रिजवर असलेले अधिकारी जिवंत होते, अहवाल लिहीत होते. रोज सकाळी अधिकारी त्याच्या हातची कॉफी पीत होते. आणि नाव ‘माहीत नाही’?

कृष्णवर्णीय लोकांच्या संघटना आणि त्यांची वर्तमानपत्रं गप्प बसली नाहीत. ‘पिट्सबर्ग कुरियर’ हे त्यातलं आघाडीचं साप्ताहिक. त्याने या माणसाचं नाव शोधायचा ध्यास घेतला. शेवटी मार्च १९४२ मध्ये नाव बाहेर आलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शॉम्बर्ग नावाचा ग्रंथसंग्रह आहे, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा. त्याचे प्रमुख लॉरेन्स रेडिक यांनी नौदलाशी पत्रव्यवहार करून ते मिळवलं. डोरिस मिलर. बावीस वर्षांचा, वाकोचा.

याच सुमाराला ‘कुरियर’मध्ये आणखी एक मोहीम चालू होती. तिचीही सुरुवात एका पत्रातून झालेली. जेम्स थॉम्पसन नावाचा एक तरुण, कॅन्ससमधल्या एका विमान कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम करणारा. त्याने जानेवारी १९४२ मध्ये लिहिलं, आणि मुद्दा असा : मित्रराष्ट्रं विजयाची खूण म्हणून ‘व्ही’ दाखवतात. आपण दोन ‘व्ही’ दाखवू या. एक बाहेरच्या शत्रूवर विजयाचा, दुसरा घरातल्या शत्रूवर. तो ‘डबल व्ही’ बघता बघता देशभर पसरला. बघा, एक मेसमधला, एक कॅन्टीनमधला. आणि त्या वर्षी अमेरिकेला हा प्रश्न विचारणारे हेच दोघे.

नाव कळल्यावर मागणी वाढली. संसदेत डोरिसला मेडल ऑफ ऑनर द्यावं म्हणून विधेयकं आली. सह्यांच्या मोहिमा झाल्या. नौदलाचे मंत्री होते फ्रँक नॉक्स. त्यांना मोठं पदक द्यायचं नव्हतं. १ एप्रिलला त्यांनी एक प्रशंसापत्र दिलं आणि विषय मिटवायला बघितला. तो मिटला नाही. शेवटी मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नेव्ही क्रॉस मंजूर केला. आज तो नौदलाचा दुसऱ्या क्रमांकाचा शौर्यसन्मान आहे, त्या वेळच्या उतरंडीत तिसरा होता.

निमित्झ यांच्या हातून

२७ मे १९४२. पर्ल हार्बरमध्येच उभी असलेली विमानवाहू नौका ‘एंटरप्राइज’. डेकवर शिस्तीत उभे खलाशी. पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल चेस्टर निमित्झ एकेकासमोर येतायत. मिडवेची मोठी लढाई आठवड्याभरावर आलीये. डोरिससमोर थांबून त्यांनी त्याच्या छातीवर पदक लावलं. या युद्धात पॅसिफिक ताफ्यातल्या कृष्णवर्णीय माणसाला असा सन्मान पहिल्यांदाच मिळतोय, हेही ते बोलले. नेव्ही क्रॉस मिळवणारा डोरिस हा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन.

त्या क्षणाचा फोटो आहे. शोधून नक्की बघा. निमित्झ पदक लावतायत आणि डोरिस समोर, ताठ.

आणि त्यानंतर? त्याला बढती मिळाली. मेस अटेंडंट, पहिली श्रेणी.

मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. नेव्ही क्रॉस छातीवर, आणि काम परत ताटं उचलायचं.

बरं, काहीच बदललं नाही असंही म्हणता येणार नाही. एप्रिल १९४२ मध्येच नौदलाने जाहीर केलं की १ जूनपासून कृष्णवर्णीयांना मेसबाहेरच्या कामांसाठीही भरती करता येईल. पण वेगळ्या तुकड्यांत, आणि बहुतेक किनाऱ्यावर किंवा बंदरातल्या छोट्या बोटींवर. म्हणजे दार उघडलं, पण फटीपुरतं. १९४४ मध्ये नौदलात पहिले तेरा कृष्णवर्णीय अधिकारी झाले. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी दिला तो १९४८ साली. तो दिवस डोरिसने पाहिला नाही.

लिस्कम बे

१९४२ च्या अखेरीला त्याला मायदेशी आणलं, युद्धनिधी गोळा करायच्या दौऱ्यावर. शहरोशहरी भाषणं. पुढे कृष्णवर्णीयांच्या भरतीसाठी नौदलाने जे पोस्टर काढलं, त्यावर डोरिसचं चित्र होतं, छातीवर नेव्ही क्रॉस. आता ते नाव नौदलालाच हवं होतं.

१९४३ मध्ये तो कूक झाला आणि ‘लिस्कम बे’ या छोट्या विमानवाहू नौकेवर गेला. २४ नोव्हेंबर १९४३ ची पहाट, पॅसिफिकमधली गिल्बर्ट बेटं. जपानी पाणबुडीचा एक टॉर्पेडो येऊन आदळला तो नेमका जिथे विमानांचे बॉम्ब साठवले होते त्या भागाजवळ. जहाजाचा मागचा भाग उडाला. तेवीस मिनिटांत ते बुडालं. सुमारे साडेसहाशे माणसं गेली. वाचलेल्यांत डोरिस नव्हता. त्याचा मृतदेह मिळाला नाही.

वाकोच्या घरी तो बेपत्ता असल्याची बातमी पोहोचली तेव्हा तारीख होती ७ डिसेंबर १९४३. पर्ल हार्बरला बरोबर दोन वर्षं.

वय चोवीस. हा भाग ऐकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचं वय तेवढंच असेल.

मग मला यातून काय मिळालं?

मला वाटायचं, शौर्य म्हणजे दुर्मीळ गोष्ट. एखाद्याकडेच असते. डोरिस मिलरची गोष्ट वाचून माझं मत थोडं बदललं. ७ डिसेंबरला त्या जहाजावर शौर्य भरपूर होतं. गोऱ्यांकडे, काळ्यांकडे, अधिकाऱ्यांकडे, खलाशांकडे. दुर्मीळ होती ती नोंद. कुणाचं नाव लिहायचं हे ज्यांच्या हातात होतं, त्यांच्या मनात मेसमधल्या माणसाचं नाव लिहावं असं आलंच नाही. ते नाव मिळालं ते पत्र लिहिणाऱ्यांमुळे, वर्तमानपत्र चालवणाऱ्यांमुळे, सह्या गोळा करणाऱ्यांमुळे. अडीच महिने कुणीतरी विचारत राहिलं : तो कोण होता?

मेडल ऑफ ऑनरचा वाद अजून संपलेला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला ते पदक त्या काळात दिलं गेलं नाही. १९९७ साली फेरविचार होऊन सात जणांना दिलं, ते सातही लष्करातले. डोरिस त्यात नाही. त्याला ते मिळावं असं म्हणणारे लोक आजही प्रयत्न करतात.

पण एक गोष्ट झाली. १९७३ साली ‘मिलर’ नावाची एक युद्धनौका नौदलात आली. आणि जानेवारी २०२० मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीनिमित्त असणाऱ्या सुट्टीच्या दिवशी, अमेरिकन नौदलाने जाहीर केलं की त्यांच्या एका नव्या, अजस्र, अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेचं नाव ‘डोरिस मिलर’ असेल. अशा नौकांना सहसा राष्ट्राध्यक्षांची नावं देतात. अॅडमिरल निमित्झ यांच्या नावाचीही एक आहे. साध्या खलाशाचं नाव एखाद्या विमानवाहू नौकेला पहिल्यांदाच मिळतंय. म्हणजे पदक लावणारा आणि लावून घेणारा, दोघंही आता एका रांगेत.

त्या जहाजावरही मेस असेल. तिथेही कुणीतरी सकाळी सहाला उठून न्याहारी वाढेल. फरक एवढाच की त्या माणसाच्या जहाजाचं नाव त्याच्यासारख्याच एकाचं असेल.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या गावात, तालुक्याला, कुठे ना कुठे युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्तंभ किंवा फलक असेल. पहिल्या महायुद्धाचे तर महाराष्ट्रात बऱ्याच गावांत आहेत, ‘या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत’ असे. बहुतेक फलकांवर आकडा असतो, नावं नसतात. या आठवड्यात तिथे जा आणि घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यातला एखादा कोण होता. नाव कळलं तर लिहून ठेवा, आणि मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.